जालन्याच्या विद्यार्थ्याला कोणती संगणकभाषा शिकवावी?



१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या आधीपासूनच या शहराचे नाव व्यापारात आणि बियाण्यांच्या धंद्यात दुमदुमत होते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी येथेच स्थापन केली. पुढे औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने उभे राहिले. भंगार आत येते, सळई बाहेर जाते. दोन्ही वेळा ट्रक काट्यावर चढतो आणि वजनाची नोंद होते. या नोंदी वहीतून संगणकावर आल्या, तसे स्थानिक तरुणांसाठी कामाचे एक नवे दार उघडले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक व आज्ञावली सहायक, हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. खेड्यातून येणारा मराठी माध्यमाचा मुलगा वर्षभराची मजुरी सोडून वर्गात बसतो. त्याला वेबसाठी कोणती भाषा शिकवावी, याचा निर्णय म्हणूनच जबाबदारीचा आहे. चार भाषांची तोंडओळख करून दिलेला विद्यार्थी प्रमाणपत्र मिळवतो. परंतु काम सांगितले की अडतो.

पर्याय किती?

वेबचे काम दोन ठिकाणी चालते. एक, वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. दुसरे, माहिती साठविणाऱ्या सर्व्हरवर. ब्राउझरमध्ये पानाची मांडणी एचटीएमएल करते. ते पान हलते-बोलते करण्यासाठी १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केलेली जावास्क्रिप्ट लागते. तेथे निवडीला फारसा वाव नाही. जावा ही निराळी भाषा होय. दोहोंत केवळ नामसाधर्म्य आहे, हे पालकांनाही सांगितले पाहिजे. सर्व्हरवर मात्र पीएचपी, पायथन, जावा असे पर्याय आहेत. २००९ मध्ये नोड.जेएस आल्यापासून जावास्क्रिप्टही तेथे सर्रास चालू लागली.

काट्यावरील कसोटी

भाषांतील फरक एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. काट्याच्या नोंदपानावर कारकुनाने चौकटीत १२ टन लिहिले. त्यात ८ हा अंक मिळवावयाचा आहे. चौकटीतून आलेले १२ संगणकाच्या लेखी मजकूर असतो, अंक नव्हे. पीएचपी त्याला अंक मानून २० असे उत्तर देते. जावास्क्रिप्ट दोन्ही एकमेकांना चिकटवून १२८ दाखविते. पायथन चूक दाखवून थांबते. ज्याला मजकूर आणि अंक यांतील भेद उमगला, तो तिन्ही भाषांत वावरू शकतो. ज्याने केवळ ओळी पाठ केल्या, तो १२८ टनांची पावती निमूटपणे छापून देतो आणि पहिल्याच आठवड्यात मालकाचा विश्वास गमावतो.

या दृष्टीने एका वर्षाच्या वर्गासाठी जावास्क्रिप्टपासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरते. तिला ब्राउझर आणि साधा मजकूर-संपादक एवढेच पुरते. इंटरनेट बंद असले तरी सराव थांबत नाही आणि चूक लगेच डोळ्यांपुढे येते. त्यानंतर माहिती साठविण्यासाठी एसक्यूएल आणि सर्व्हरसाठी एकच भाषा घ्यावी. शिक्षकाचा हात पीएचपीवर बसलेला असेल, तर पीएचपी घ्यावी. तसे नसेल, तर जावास्क्रिप्टच पुढे न्यावी, म्हणजे नवे व्याकरण शिकावे लागत नाही. पायथन सोपी आणि गुणी आहे. तथापि ब्राउझरमधील कामासाठी जावास्क्रिप्ट शिकावी लागतेच, आणि वर्ष एकच असते.

इंग्रजीची धास्ती मोठी वाटते. प्रत्यक्षात या भाषांतील राखीव शब्द काही डझनच आहेत. त्यांचे अर्थ मराठीतून समजावून द्यावेत. पडद्यावरील सूचना मराठीत, देवनागरीत लिहू द्याव्यात. युनिकोडमुळे ते सहज शक्य आहे.

वर्षअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक चालते काम करून घ्यावे. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा करून पावती देणारे पान, बियाण्यांच्या पोत्यांचा साठा किंवा ग्रामपंचायतीची पाणीपट्टीची यादी, यांपैकी काहीही चालेल. ते पान काट्यावरील कारकुनाने किंवा ग्रामसेवकाने वापरून पाहावे आणि चुका दाखवाव्यात. पंचायतींनी अशी कामे मुलांपुढे ठेवली, तर शिक्षणाला गावाचा आधार मिळेल. भाषा काळाबरोबर बदलतील. हिशेब चोख ठेवण्याची सवय मात्र मुलाला जन्मभर पुरेल.