सरपंचकीचा लिलांव

बैलबाजारांत बोली लागते तशी सरपंचकीची बोली लागलेली आम्हीं ऐकली. नाशिक जिल्ह्यांतील उमराण्यांत आंकडा २ कोटी ५ लाखांवर गेला, नंदुरबारकडील खोंडामळींत ४२ लाखांवर! निवडणूक आयोगानें जानेवारी २०२१ मध्यें दोन्ही निवडणुकी रद्द केल्या, हें बरें झालें.

उमराण्याचा पैसा म्हणे देवळाच्या कामीं. देवाचें नांव निघालें कीं आमच्या लोकांची जीभ अडते. पण ज्या कुणब्या-कुंभाराच्या गांठीं बियाण्याला पैसा नाहीं, त्यानें त्या बोलींत हात कसा वर करावा? मत विकत घेणारा निदान मतदाराच्या दारीं तरी येतो. येथें तेवढीही तसदी नाहीं.

खर्चाचा कायदा आहे. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवारानें हिशेब द्यावयाचा. सबळ कारणाशिवाय न दिल्यास आयोग ५ वर्षें अपात्र ठरवूं शकतो. हरलेल्यासही ही अट आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आणि कागदाची संवय नसलेला कष्टकरीच त्यांत आधीं सांपडतो. म्हणून चहाची, पत्रकांची, गाडीभाड्याची पावती रोजच्या रोज वहींत चिकटवा. वही कशी लिहावी तें ठाऊक नसेल, तर संध्याकाळीं शाळेंत या. कोणत्याही पक्षाचे असा, आम्ही दाखवूं. मात्र खोटा आंकडा कसा बसवावा, हें विचारूं नका.