घराची खरेदी, कागद आणि कर्ज
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



घर विकत घेणाऱ्या सामान्य माणसाच्या शंका वकिलाकडे फार उशिरा पोहोचतात. त्याआधी त्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आणि शाळेतल्या गुरुजींकडे येतात. इंग्लंडात घराच्या हस्तांतरणाचे काम सॉलिसिटर पाहतो. आपल्याकडे मुंबईबाहेर ही प्रथा रुजली नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हेच काम वकील, दस्तलेखक, दुय्यम निबंधक आणि पूर्वीचे तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांच्यात वाटले गेले आहे. साहजिकच संपूर्ण व्यवहाराची जबाबदारी यांपैकी एकावरही नसते. ती खरेदीदारावरच राहते.

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न असा : "नमुना आठला माझे नाव लागले, घरपट्टीही मी भरतो, मग घर माझेच ना?" नमुना आठ ही कर आकारणीची नोंद होय. सातबारा आणि फेरफार हे महसुली अभिलेख आहेत. त्यांना पुराव्याचे मोल आहे. परंतु केवळ नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच विकता येते. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार आहे, विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्र करून, मुद्रांकावर लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन आणि ताबा देऊन झालेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. तरीही असे कागद आजही होतात, याचे कारण मुद्रांक शुल्क वाचते एवढेच. दस्त झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

तथापि नोंदणी झाली म्हणजे विकणारा खरा मालक होता, असेही सिद्ध होत नाही. निबंधक मालकीची हमी देत नाही. म्हणूनच सूची क्रमांक दोन पाहून मागील तीस वर्षांचा शोध घेण्याची वकिलांची रीत आहे. गावठाणातील जुन्या घरांना पुष्कळदा वडिलोपार्जित वहिवाटीखेरीज कागदच नसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागल्याने ही अडचण काहीशी कमी होत आहे. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींच्या सह्या हव्यातच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची वा देवस्थान इनामाची असल्यास, किंवा अकोले तालुक्यासारख्या भागात ती आदिवासी खातेदाराची असल्यास, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी पाहावी, मग इसार द्यावा. शेतजमिनीतील गुंठ्यांच्या तुकड्यांविषयी सांगायचे, तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा अनेकदा सुधारला गेला आहे. आजचा नियम तहसील कार्यालयातूनच समजून घ्यावा, मध्यस्थाकडून नव्हे.

"बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद निर्दोष असणारच," असेही लोक समजतात. बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो. त्याच्या अहवालाची प्रत जरूर मागावी. पण पुढे मालकीत दोष निघाला तरी कर्जाचे हप्ते चुकत नाहीत.

आता ज्या प्रश्नासाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे तो घेतो. गरजेपोटी पैसे घेताना सावकार घराचे वा जमिनीचे चक्क खरेदीखत करून घेतो आणि "पैसे दिलेस की परत लिहून देईन" असे तोंडी सांगतो. हा रोग या जिल्ह्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदा या आपल्या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी खते आणि रोखे जाळले. न वाचता येणाऱ्या कागदाने आपली जमीन जाते, हे त्यांना पुरते उमगले होते. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाचा मागील इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला.

आजची स्थिती अशी की, मुदत खरेदी हे गहाण ठरावयाचे असेल तर परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असली पाहिजे. १९२९ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. वेगळ्या कागदावरील वा तोंडी वचनावर विसंबून राहणाऱ्यास न्यायालयात अतिशय कष्ट पडतात. मात्र एक मार्ग आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये, सावकारीच्या व्यवहारात मागील पंधरा वर्षांत मिळकत घेतली गेली असल्यास कर्जदार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करू शकतो. चौकशीअंती मिळकत परत देण्याचा आदेश होऊ शकतो. आपल्या गावी असे कोणी आढळल्यास त्याला वाट दाखविण्याचे काम आपणच करू शकता. वर्षे मोजली जातात, म्हणून विलंब नको.

शेवटी कर्जफेडीविषयी. मूळ खरेदीखत बँकेत ठेवून होणाऱ्या गहाणाची सूचना २०१३ पासून दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. त्यामुळे ते आता शोधात सापडते. पूर्वीची अशी गहाणे सापडतीलच असे नाही, म्हणून विकणाऱ्याकडून मूळ दस्त पाहावयास मागावा, छायाप्रत नव्हे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकांनी आणि गृहवित्त कंपन्यांनी मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावयाचे आहेत. त्यांच्या चुकीने विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत, तेव्हा तेथे कागद परत मिळण्याची मुदत कर्जाच्या करारातच लिहून घ्यावी. कर्ज फिटल्याचा दाखला मिळताच तो जोडून, इतर हक्कातील बोजा कमी करण्याचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी.