वैराकडून संवादाकडे : वाजिरच्या भटक्या समाजांची शांतिसाधना



अहिंसेचा विचार जैन परंपरेने जितक्या सूक्ष्मतेने केला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा भेद, मन-वचन-काया या तिन्हींचा संयम, श्रावकाची अणुव्रते आणि साधूची महाव्रते, असा तिचा सर्वांगीण विस्तार आहे. हा सारा विचार प्रामुख्याने व्यक्तीच्या आचरणाला उद्देशून आहे. परंतु दोन समाज परस्परांचे वैरी होऊन बसले, एकाच्या घरातील प्रेत दुसऱ्याच्या घरातील प्रेताची मागणी करू लागले, तर ते चक्र कोणी आणि कसे थांबवावे? अशा वेळी एखाद्या सज्जनाचे वैयक्तिक व्रत अपुरे पडते. तेथे अहिंसेला समाजाच्या व्यवस्थेचे रूप द्यावे लागते. ते कसे देता येते, याचे एक उद्बोधक उदाहरण केनियाच्या उत्तर भागातील भटक्या पशुपालकांनी घालून दिले आहे.

केनिया हे नाव जैन समाजाला अपरिचित नाही. नैरोबी आणि मोंबासा येथे ओसवाल बांधव कित्येक पिढ्यांपासून वसले आहेत; तेथे जिनमंदिरेही उभी आहेत. परंतु त्या गजबजलेल्या शहरांपासून दूर, देशाच्या ईशान्येस, सोमालिया आणि इथिओपियाच्या सीमांना लागून वाजिर नावाचा रखरखीत प्रदेश आहे. पाऊस अत्यल्प आणि लहरी. वाजिर गावाच्या परिसरातील विहिरी हाच कित्येक कोसांतील जीवांचा आधार. उंट, गाई, शेळ्या-मेंढ्या घेऊन पावसाच्या मागोमाग फिरणारे सोमाली वंशाचे लोक येथे राहतात. देगोडिया, अजुरान आणि ओगाडेन ही त्यांची प्रमुख कुळे. सर्वांचा धर्म इस्लाम, बहुतेकांची भाषा सोमाली, पेहराव एक, खाणेपिणे एक, आणि सोयरीकही परस्परांत होत आलेली. तरीही ती एकमेकांच्या जिवावर उठली. धर्म किंवा भाषा भिन्न असल्यामुळेच माणसे भांडतात, हा समज या एका उदाहरणाने पुसून जावा.

भांडण होते पाणी, चारा आणि सत्ता यांचे. अवर्षणात चारा संपला की एका कुळाचे कळप दुसऱ्याच्या वहिवाटीच्या कुरणात शिरत. पूर्वीही असे तंटे होत. वडीलधारी मंडळी झाडाखाली बसून ते मिटवीत. सोमाली समाजात ‘हीर’ नावाचा परंपरागत कायदा आहे. त्यानुसार एखाद्याच्या हातून खून झाला, तर मारेकऱ्याचे संपूर्ण कुळ मृताच्या कुळाला जनावरांच्या रूपाने भरपाई देते. ही भरपाई ‘दिया’ या नावाने ओळखली जाते. दोष एकाचा असला तरी दायित्व सर्वांचे, हे या व्यवस्थेचे मर्म होय. साहजिकच प्रत्येक कुळ आपल्या तरुणांवर वचक ठेवी.

हा वचक सैल का झाला, हे पाहणे आवश्यक आहे. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला; त्यानंतर या भागावर आणीबाणीचे निर्बंध लादले गेले, ते १९९१ पर्यंत उठले नाहीत. फेब्रुवारी १९८४ मध्ये देगोडिया आणि अजुरान यांच्यातील संघर्षानंतर शस्त्रे जप्त करण्याच्या निमित्ताने सुरक्षा दलांनी देगोडिया पुरुषांना वागल्ला येथील धावपट्टीवर डांबले. तेथे भीषण हत्याकांड घडले. सरकारने मृतांचा आकडा ५७ सांगितला; स्थानिकांच्या मते तो याच्या कितीतरी पट होता. बळाने शस्त्रे काढून घेण्याच्या या प्रयत्नातून शांतता तर आली नाहीच, उलट शासनावरचा विश्वासही गेला. पुढे १९९१ साली सोमालिया आणि इथिओपिया या दोन्ही शेजारी देशांतील राजवटी कोसळल्या. निर्वासितांचे लोंढे आले आणि त्यांच्याबरोबर स्वयंचलित बंदुकाही आल्या. त्यातच अवर्षणाने कळप उद्ध्वस्त झाले. डिसेंबर १९९२ मध्ये बहुपक्षीय निवडणूक झाली. अजुरान ज्या मतदारसंघाला आपला मानीत आले होते, तेथे देगोडिया उमेदवार निवडून आला आणि भडका उडाला. त्या काळातील हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याचे सांगितले जाते.

विद्वेष बाजारापर्यंत पोहोचला. वाजिरच्या बाजारात दूध आणि भाजी विकणाऱ्या स्त्रिया दुसऱ्या कुळातील स्त्रीला माल देईनात आणि तिच्याकडून घेईनात. अशा काळात डेखा इब्राहिम अब्दी या तरुण शिक्षिकेच्या घराजवळ एका रात्री गोळीबार सुरू झाला. आपल्या पहिल्या अपत्याला घेऊन ती पलंगाखाली लपून राहिली. सकाळी तिच्या आईने आठवण सांगितली, की साठच्या दशकात तीही लहानग्या डेखाला घेऊन अशीच पलंगाखाली लपली होती. आजची बालिका मोठी होऊन आपल्या बाळाला घेऊन पुन्हा पलंगाखालीच लपणार काय, हा प्रश्न त्या मायलेकींपुढे उभा राहिला.

एका विवाहसमारंभात जमलेल्या काही स्त्रियांत हा विषय निघाला आणि निरनिराळ्या कुळांतील मोजक्या स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी आरंभी फार मोठे ध्येय ठेवले नाही. बाजारात कोणत्याही कुळातील स्त्री निर्भयपणे येईल आणि खरेदी-विक्री करील, एवढेच त्यांनी ठरविले. त्या बाजारात लक्ष ठेवू लागल्या; कोठे अडवणूक झाली, बाचाबाची झाली, की तत्काळ मध्ये पडून ती मिटवू लागल्या. अणुव्रताची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पद्धतीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. व्रत लहान असावे, पण ते अखंड पाळले जावे. बाजार शांत झाला, तेव्हा गावात शांतता शक्य आहे, हे लोकांना डोळ्यांनी दिसले.

पुढचा टप्पा कठीण होता. कुळांचे निर्णय ज्येष्ठ पुरुष घेत आणि त्यांच्या सभेत स्त्रियांना स्थान नव्हते. शिवाय प्रबळ कुळाच्या ज्येष्ठाने पुढाकार घेतला, तर दुसऱ्याला त्यात डाव दिसणार. म्हणून स्त्रियांनी सर्वांत लहान कुळातील एका वृद्धाला गाठले. त्याच्यापासून कोणालाच भय नव्हते आणि त्याला कोणाचा प्रदेश बळकावयाचा नव्हता. त्याने इतर ज्येष्ठांना एकत्र आणले आणि वैराचा लाभ नेमका कोणाला होतो, याचा विचार करावयास लावले. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांपैकी माध्यस्थ्याचा अर्थ पुष्कळदा केवळ तटस्थता असा घेतला जातो. वाजिरच्या त्या वृद्धाने दोन्ही पक्षांच्या मध्ये उभे राहून त्यांचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. माध्यस्थ्याचे हे सक्रिय रूप मननीय आहे.

या बैठकांत दोन्ही पक्षांची गाऱ्हाणी सविस्तर ऐकली गेली. अजुरान म्हणत, ही भूमी पूर्वापार आमची. देगोडिया म्हणत, आम्हीही येथेच जन्मलो, येथेच मतदान केले, मग आम्ही परके कसे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. दोष होता तो आपलेच म्हणणे संपूर्ण सत्य मानण्याच्या आग्रहात. अनेकांताचा शब्द त्या वृद्धांनी कधी ऐकलाही नसेल. परंतु एकांतिक आग्रह हिंसेकडे नेतो, हा त्याचा आशय त्यांनी अनुभवाने जाणला.

या प्रयत्नांतून १९९३ साली ‘अल-फताह’ घोषणापत्र आकारास आले. सूड थांबवावा, झालेल्या हानीची परंपरेनुसार भरपाई व्हावी, पळविलेली जनावरे परत करावीत, अशा मर्यादा ज्येष्ठांनी स्वतःवर घालून घेतल्या. पाठोपाठ युवकांचा गट उभा राहिला. बंदूक टाकणाऱ्याच्या हाताला काम हवे, म्हणून व्यापाऱ्यांनाही साद घालण्यात आली. शासकीय अधिकारी आणि धर्मगुरू यांनाही सामावून घेण्यात आले. कोठे तणावाची वार्ता आली, की या सर्वांचे मिश्र पथक तातडीने तेथे जाई. अफवा पसरण्यापूर्वी सत्य पोहोचविणे हे त्याचे पहिले काम. १९९५ साली या साऱ्या गटांची मिळून वाजिर शांतता व विकास समिती स्थापन झाली आणि तिला जिल्हा प्रशासनाच्या रचनेत स्थान मिळाले. आपल्या हद्दीत शांतता राखणाऱ्या अधिकाऱ्यांचा शांतता-दिनी गौरव होऊ लागला. २००१ च्या मोडोगाशे घोषणापत्राने शेजारच्या जिल्ह्यांसाठीही नियम घातले : दुसऱ्याच्या प्रदेशात कळप नेण्यापूर्वी तेथील ज्येष्ठांची संमती घ्यावी आणि जाताना शस्त्र बाळगू नये. वाजिरचा हा नमुना पुढे केनियाच्या इतर जिल्ह्यांनीही स्वीकारला. डेखा इब्राहिम अब्दी यांना २००७ साली ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार लाभला. निवडणुकीनंतर उसळलेल्या २००८ च्या दंगलींतही त्यांनी शांततेसाठी झटून काम केले. २०११ साली अपघातानंतर त्यांचे निधन झाले.

या कार्याच्या मर्यादाही डोळ्यांआड करता येणार नाहीत. १९९८ साली वाजिर जिल्ह्यातील बगाल्ला येथे सीमेपलीकडून आलेल्या हल्लेखोरांनी मोठा संहार केला. २०१३-१४ मध्ये देगोडिया आणि गारे कुळांत पुन्हा रक्तपात झाला. शांतता प्रस्थापित करणाऱ्या स्त्रिया, पण मोडोगाशेच्या नियमांत पुरुषाच्या प्राणाची भरपाई शंभर जनावरे आणि स्त्रीच्या प्राणाची पन्नास, ही विषमता तशीच राहिली. शांतता एकदा मिळवून ठेवता येत नाही. दररोज सामायिक करावे लागते, तद्वत तिचीही नित्य आराधना करावी लागते.

येथे एक शंका सहज उद्भवेल. हे लोक मांसाहारी. त्यांच्या वर्तनाला अहिंसा म्हणावे काय? जैन दृष्टीने ती परिपूर्ण अहिंसा नव्हे, हे उघड आहे. परंतु ज्याच्या हाती बंदूक आहे, ज्याच्या भावाचे प्रेत नुकतेच पुरले गेले आहे, त्याने ती बंदूक खाली ठेवणे ही कषायांवर मिळविलेली जीतच होय. जे सत्य जेवढ्या अंशाने जेथे आढळेल, तेवढ्या अंशाने ते स्वीकारावे, हीच नयदृष्टी आहे.

आणि अखेर प्रश्न क्षमेचा. पर्युषणाच्या समाप्तीनंतर क्षमायाचना करण्याची थोर प्रथा जैन समाजात आहे. परंतु पुष्कळदा ही क्षमा ज्यांच्याशी कधी वैर नव्हते, अशा स्नेह्यांकडेच मागितली जाते. ज्याच्याशी बांधावरून, भाऊबंदकीतून किंवा संस्थेच्या निवडणुकीवरून बोलणे बंद आहे, त्याच्या दारापर्यंत पावले जात नाहीत. वाजिरचे वृद्ध ज्यांच्या कुळाने आपले पुत्र मारले, त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी क्षमेला भरपाईची जोड दिली, पळविलेली जनावरे परत केली आणि आपापल्या तरुणांची हमी घेतली. शब्दांबरोबर कृतीचे दायित्व स्वीकारणारी क्षमा ही वैराची गाठ खऱ्या अर्थाने सोडविते.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत प्रत्येक संस्थेच्या आवारात काही मतभेद साचलेले असतात. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल वर्षात एखादे तुटलेले नाते जोडण्यासाठी कोणीतरी पहिले पाऊल टाकले, तर तो या उत्सवाचा सर्वांत मोठा अलंकार ठरेल.

जय जिनेंद्र.