गाठी दिसण्याआधी लस
(पोखर्णी येथील पशुपालक मेळाव्यातील भाषण)



लम्पी हा देवीचा कोप नाही, विषाणूचा आजार आहे. भारतात तो २०१९ साली प्रथम ओडिशात आढळला. डास, माश्या, गोचीड तो पसरवतात. माणसाला तो होत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गुरांना दिली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. त्याच वर्षी हिसार व इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी लम्पीचाच विषाणू दुबळा करून ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस तयार केली.

लस टोचल्यावर अंगात ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. वस्तीवर ज्याची एकच बैलजोडी, त्याची पेरणी तिच्यावरच. म्हणून हात जोडून सांगतो, गाठींची वाट पाहू नका. पावसाळ्यापूर्वीच निरोगी जनावरांना लस टोचून घ्या.