जो जास्त ओरडतो, त्याचा हप्ता आधी?

लावणीच्या चिखलातून येऊन, हातपाय धुऊन आता कुठे टेकला असाल. आज आम्ही कर्ज कसं मिळवायचं ते सांगायला आलेलो नाही. घेतलेलं फिटेनासं झालं तर काय करायचं, त्यावर बोलायचं आहे. गटाच्या बैठकीत हा विषय सहसा कुणी काढत नाही. बचत वहीत लिहितो, गटाचं कर्ज लिहितो, आणि बाहेरून घेतलेलं पदराखाली झाकून घरी नेतो.

खालापूरकडच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगतो. नाव नाही घेणार, पण सांगायला तिनंच हो म्हटलंय. नवरा बांधकामावर जायचा. वरून पडला, पायात रॉड घातला. घरात महिन्याला बारा हजार यायचे, ते सहावर आले. सहा म्हणजे ती फार्महाऊसवर झाडलोट करते तेवढेच.

तिचे दोन हप्ते आम्ही बायांनीच वर्गणी काढून भरले. एकीनं भरलं नाही तर सगळ्यांचं नाव खराब होईल, असं वसुलीवाला ओट्यावर बसून सांगत होता. तेव्हा आम्हाला वाटलं, केवढं चांगलं काम केलं. तिसऱ्या महिन्यात तोच माणूस, तोच ओटा. आमचे पैसे गेले आणि तिचं कर्ज होतं तिथंच राहिलं. ती चूक आमचीच. आधी सगळे कागद मागायला हवे होते.

मग एका दुपारी बसलो. कार्डं, पासबुकं, चिठ्ठ्या, सगळं ताटात काढलं. एका कंपनीचा महिन्याचा हप्ता २,३०० रुपये, असे १४ बाकी. दुसरीचा दर पंधरा दिवसांनी १,१००, पाच महिने बाकी. आपल्या गटाचं १० हजार मुद्दल, हप्ता व्याजासकट १,२००. आणि चौथं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, गावातल्या किराणावाल्या शेठचे २० हजार, शेकडा पाच रुपये महिना व्याजानं. म्हणजे दर महिन्याला हजार. एकूण ६,७०० जायचे, आणि येणार सहा हजार. अजून घरात तांदूळ, तेल, गोळ्या आल्याच नाहीत.

ताई आतापर्यंत कसं भरत होती? जो जास्त ओरडेल त्याला आधी. शेठ ओरडत नव्हता, तो नुसता दुकानात बघायचा, म्हणून त्यालाही वेळेवर. आम्ही मात्र उलट विचारलं: कुणाचं कर्ज सगळ्यात महाग आहे?

शेठला बावीस महिने व्याज गेलं होतं. २२ हजार दिले आणि मुद्दल वीसच्या वीस उभं. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४ सालचा आहे. परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं हा गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांकडून १५ आणि १८ एवढंच घेता येतं. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाचे साठ झाले! शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, मग महिने कितीही होवोत. तक्रार करायची ती तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांच्या ऑफिसात. कर्जापोटी सावकारानं जमीन लिहून घेतली असेल, तर तीही याच कायद्याखाली परत मागता येते.

सांगायला सोपं आहे. ताईचा सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर शेठकडे होता आणि मीठमिरचीही त्याच्याकडूनच उधार यायची. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या तेव्हा कुठे अर्ज दिला. कळल्यावर शेठनं स्टॅम्प पेपर परत आणून दिला. चौकशी अजून चालू आहे. उधारी मात्र बंद झाली. आता काडेपेटी आणायलाही ती पुढच्या गावात जाते.

आता कंपन्यांचं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२२ पासून नियम केले आहेत. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज असेल, तर घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे कर्ज देतानाच तपासायचं असतं, पण तेच माप आपण घरी लावून बघावं. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हायला हवी. आपण लागोपाठ दोनदा तिथं गेलो नाही, तरच तो घरी येऊ शकतो. म्हणून लपून बसू नका, ठरलेल्या जागी जा आणि पैसे नाहीत हे तोंडावर सांगा. हप्ता थकला एवढ्यावरून पोलीस धरून नेत नाहीत. चेक दिला असेल आणि तो वटला नाही तर मात्र केस होते, तेवढं लक्षात ठेवा.

पहिल्या कंपनीला आम्ही लेखी अर्ज दिला: दवाखान्याचे कागद जोडले आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून मागितली. दोन खेपा घातल्यावर १,३५० चे २८ हप्ते करून दिले. आधी १४ हप्त्यांचे ३२,२०० द्यायचे होते, आता ३७,८०० होतील. म्हणजे श्वास घ्यायला मिळाला, त्याची किंमत ५,६०० रुपये. ताईनं ती डोळे उघडे ठेवून मान्य केली.

दुसऱ्या कंपनीवरून आमच्यात भांडण झालं. आज एकदम भरले तर १०,३०० रुपयांत खातं बंद होणार होतं. अशा कर्जात मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. त्यांचा माणूस म्हणाला, आठ हजार द्या, मिटवून टाकू. याला एकरकमी तडजोड म्हणतात. निम्म्या बाया म्हणाल्या, २,३०० वाचतात, घ्या. पण तडजोड केली की सिबिलसारख्या नोंदीत ‘पूर्ण फेड’ असं येत नाही, ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो. ताईला पुढं म्हशीसाठी बँकेकडे जायचंय. तिनं पूर्ण भरायचं ठरवलं. जिला पुढं कर्ज घ्यायचंच नाही, तिनं आठ हजारांत मिटवलं असतं तर आम्ही चूक म्हटलं नसतं. पण मग बाकी काही नसल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नयेत.

ते १०,३०० गटानं दिले. पावसाळ्याचे चार महिने नुसतं व्याज घ्यायचं ठरलं. दोन्ही मिळून २०,३०० वर दोन टक्क्यांनी ४०६ रुपये. आता महिन्याला साधारण पावणेदोन हजार जातात. खरं बोलायचं तर आपल्या गटाचे दोन टक्केही काही स्वस्त नाहीत, वर्षाचे चोवीस होतात. फरक एवढाच, की ते आपल्याच पेटीत पडतात. पूर्वी कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या संस्थेनं आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या, त्यातही हेच होतं: पावसात घेतलेल्या भातावर वाढीव द्यायचं, पण ते गावच्याच कोठीत.

बँकेची किंवा कोर्टाची नोटीस आली असेल तर लोकअदालत आहे. फी नाही. बाईमाणसाला वकीलही फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीला विचारा. तिथं तडजोड करायची जबरदस्ती नाही. मात्र एकदा सही केली की त्यावर अपील नाही. न झेपणाऱ्या हप्त्याला घाईनं मान डोलवू नका. कंपनी किंवा बँक तक्रारीला तीस दिवसांत उत्तर देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

कातकरी वाड्यांतल्या बायांसाठी एक वेगळं सांगायचं आहे. दिवाळीनंतर मुकादम येतो, उचल देतो आणि आपण म्हणतो, घ्या, सगळी देणी एकदम फिटतील. मग पोरांसकट वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचं, आणि पावसाच्या तोंडाशी हिशेबात पुन्हा आपणच देणं लागतो. उचल फिटेपर्यंत जाऊ न देता राबवून घेणं ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्यानं ती बंद आहे आणि ते देणंही रद्द ठरतं. तहसीलदाराकडे जायचं. एकटीनं नको, गटानं मिळून जा.

ताईचा नवरा आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येतो. पुढच्या बैठकीत आम्ही प्रत्येकीचं असंच ताट मांडणार आहोत. येताना सगळी कार्डं आणा, पासबुक आणा, आणि ज्याची चिठ्ठीच नाही, ते कर्ज तोंडी सांगा.