लष्कराचा पैसा आणि समाजाचा अभ्यास
(तळोजा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संरक्षण खात्याने विद्यापीठांतील सामाजिक शास्त्रांच्या संशोधनास द्रव्यसाहाय्य करावे काय, आणि केल्यास विद्यापीठांनी ते कोणत्या शर्तींवर स्वीकारावे, हा वाद अमेरिकेत गेली साठ वर्षे गाजत आहे. परंतु तो परमुलखातला, आपणांशी कर्तव्य नसलेला वाद आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हिंदुस्थान सरकारच्या हुकुमावरून बेथॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सिद्ध केलेले आणि 1908 साली कलकत्त्यास छापलेले मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरील हस्तपुस्तक अवश्य चाळावे. शीख, गुरखे, डोगरे यांच्यावरही अशी हस्तपुस्तके लष्करभरतीच्या सोयीसाठी निघाली होती. समाजाचा इतिहास, कुळे, चालीरीती, सणवार यांची माहिती त्यांत आस्थेने गोळा केलेली आढळते. मात्र त्या साऱ्या माहितीच्या मुळाशी असलेला प्रश्न अभ्यासकाने शोधलेला नसून खात्याने ठरवून दिलेला होता, आणि तो प्रश्न एवढाच की, शिपाईगिरीस हा मनुष्य कितपत उपयोगी.

पुस्तकाच्या आधीपासूनच विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाचे पर्यवसान कशात झाले, हे महाराष्ट्राला अनुभवाने ठाऊक आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महार समाजाची भरती, अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत या सिद्धांताच्या आहारी जाऊन, 1892-93 च्या सुमारास बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध विनंतिपत्र सिद्ध केले. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गुजरला. पहिल्या महायुद्धात निकड भासली तेव्हा उभी राहिलेली महार पलटण युद्ध सरताच मोडली गेली, आणि कायमची महार रेजिमेंट 1941 साली, डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर, बेळगावास उभी राहिली. ज्या डॉक्टरांचा जन्मच महूच्या छावणीत, लष्करी शाळेत शिकवणाऱ्या सुभेदाराच्या घरी झाला, त्यांना हा दरवाजा बंद होण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता. वेतन, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण, गावगाड्याबाहेरची प्रतिष्ठा, हे सर्व एका वर्गीकरणाने हिरावून नेले. आणि ज्यांचे वर्गीकरण झाले त्यांना त्याविरुद्ध बोलण्यास अर्जापलीकडे मार्ग उरला नाही.

अमेरिकेतील प्रकरणे याच जातीची आहेत. ‘कॅमलॉट’ नावाच्या प्रकल्पात तेथील सैन्यदलाने, वॉशिंग्टनमधील एका विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कचेरीमार्फत, परदेशांत बंडाळ्या कशा उद्भवतात आणि त्या कशा आवरता येतील, याच्या अभ्यासासाठी लक्षावधी डॉलर खर्चण्याचे योजिले. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी सहभाग नाकारला, चिलीमध्ये गदारोळ उठला, आणि जुलै 1965 मध्ये प्रकल्प रद्द झाला. तीन वर्षांनी झळ आपल्यापर्यंत पोहोचली. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हिमालयीन सीमाप्रदेशांच्या अभ्यासामागे अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा आहे, ही गोष्ट 1968 साली येथे उघड झाली. चीनशी झालेल्या युद्धाची जखम तेव्हा ओलीच होती. गढवालात राहून तेथील ग्रामजीवनाचा साक्षेपी अभ्यास केलेले त्याच विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ जेराल्ड बेरेमन यांनी या व्यवहारावर जाहीर आणि कठोर टीका केली. कारण ज्या डोंगरी माणसांनी त्यांना विश्वासाने घरात घेतले, त्यांच्या त्या विश्वासालाच तडा जात होता.

1969 साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे महत्त्व मला याच संदर्भात जाणवते. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, हे दोघेही महाराष्ट्राचे. पैसा सरकारचा, पण विषयाची निवड आणि परीक्षण विद्वानांच्या मंडळाकडे, ही घडी बसवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दुसरीकडे, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, 11 नोव्हेंबर 1965 रोजी, दिल्लीस संरक्षण अध्ययन संस्था स्थापन झाली. तिचा खर्च संरक्षण मंत्रालय चालवते आणि ते कोणापासून लपवलेले नाही. युद्ध आणि शांतता यांचा अभ्यास नागरिकांनी करू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. तो सर्वस्वी सेनापतींच्या हवाली करणे लोकशाहीस घातक आहे, आणि म्हणूनच पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग असणे मला इष्ट वाटते.

आपल्या तळोज्यातच केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शीघ्र कृती दलाची 102 वी बटालियन आहे. हे दल संरक्षण खात्याचे नव्हे, गृहखात्याचे. तथापि संवेदनशील वस्त्यांत जाऊन तेथील लोकांची, रस्त्यांची, पूर्वीच्या तंट्यांची माहिती करून घेणे हा त्याच्या कामाचा नेमस्त भाग आहे. पोलिसाने ते पोलीस म्हणून, गणवेशात करावे, याला माझी हरकत नाही. उद्या मात्र तेच काम विद्यापीठाच्या नावाने, विद्यार्थ्यांच्या हातून, प्रश्नावली घेऊन कोळीवाड्यात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या चाळीत होऊ लागले, आणि उत्तर देणाऱ्या बाईला ते कागद कोणाच्या दप्तरी जाणार हे ठाऊक नसले, तर ती फसवणूक ठरेल, मग त्यामागचा हेतू कितीही राष्ट्रहिताचा असो.

2008 साली अमेरिकी संरक्षण खात्याने ‘मिनर्व्हा’ या नावाने विद्यापीठांना पुन्हा निधी देऊ केला, तेव्हा तेथील मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने निधी नाकारा असे न म्हणता, तो परीक्षणाचा अनुभव असलेल्या नागरी विज्ञानसंस्थांमार्फत वाटा, असे सुचवले. मला ती मागणी रास्त वाटते, आणि आपल्याकडे तिला आणखी दोन कलमे जोडावीत अशी माझी सूचना आहे. विद्यापीठाने संरक्षण किंवा गृह खात्याशी केलेला प्रत्येक करारनामा, रकमेसह, विद्यापीठाच्या अधिसभेपुढे ठेवला जावा. आणि ज्या वस्तीचा अभ्यास झाला, त्या वस्तीला त्याचा अहवाल मराठीत वाचावयास मिळावा, म्हणजे बेथॅमच्या पुस्तकाविषयी ‘हे कोणाच्या कामासाठी लिहिले?’ असा जो सवाल तेव्हाच्या शिपायाला विचारता आला नाही, तो आजच्या रहिवाशाला छापील पानावर बोट ठेवून विचारता येईल.