नगररचना आणि नागरिक

होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरास आले, तेव्हा नगर प्लेगच्या साथींनी त्रस्त होते. केवळ हुकमावर न विसंबता त्यांनी दिवाळीत मिरवणूक योजिली; जे मोहल्ले अधिक स्वच्छ, तेथूनच ती जाईल, असे जाहीर होताच लोक आपणहून सफाईस लागले. त्यांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकसहभागाला कायद्याचा आधार मात्र नव्हता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. परंतु त्यांची रचना राज्यांच्या कायद्यांवर सोपविली. तेथे सामान्य रहिवाशाला स्थान मिळाले नाही, तर शहराचा नकाशा कचेरीत तयार होईल आणि वस्तीला तो रस्ता खोदला गेल्यावरच कळेल.